वराहमिहिराच्या कुंडाने पाऊस मोजताना : एका पावसाळ्याच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४

गोदाकाठच्या आमच्या गावात, परभणी जिल्ह्यात, यंदाच्या पावसाळ्यात दोन पर्जन्यमापके शेजारी शेजारी ठेवायची, असे ठरवले आहे. एक नेहमीचे, फायबरचे, बाजारात मिळणारे. दुसरे सहाव्या शतकात अवंती देशात, म्हणजे आजच्या उज्जैनच्या परिसरात, राहून गेलेल्या वराहमिहिराने बृहत्संहितेच्या तेविसाव्या, 'प्रवर्षण' नावाच्या अध्यायात सांगितलेले. त्याची कृती एका श्लोकात आटोपते. एक हात रुंद तोंडाचे कुंड घ्यावे, पन्नास पळे (पळ हे जुने वजन) म्हणजे एक आढक मानावा आणि पडलेले पाणी त्याने मोजावे, इतकेच तो सांगतो. चार आढकांचा एक द्रोण होतो. भांडे कशाचे असावे, किती खोल असावे आणि कोठे ठेवावे, याबद्दल श्लोकात अवाक्षर नाही. माझा बहुतेक वेळ पुढे याच तीन प्रश्नांवर जाणार, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

या नोंदी ठेवण्याचे कारण असे की, प्राचीन कृषिविज्ञानावरील व्याख्यानांत या श्लोकाचा उल्लेख अभिमानाने होतो, परंतु ते भांडे अंगणात ठेवून पाहिलेला कोणी मला अजून भेटलेला नाही.

२१ एप्रिल

हाताचे माप ठरवले. चोवीस अंगुळांचा हात सामान्यतः अठरा इंच, म्हणजे ४५.७ सेंटिमीटर धरतात. माझे स्वतःचे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर ४६ सेंटिमीटर भरले, त्यामुळे अठरा इंचांवर समाधान मानले. गावातील कुंभारमामांना अठरा इंच तोंडाचे, वाडग्याच्या आकाराचे, मध्यभागी सहा इंच खोल असे कुंड सांगितले. चारशे रुपये ठरले.

१२ मे

कुंड मिळाले. दिसायला सुरेख आहे, पण तोंड एका बाजूने साडेसोळा इंच आणि काटकोनात मोजल्यास पावणेसतरा भरते. मामांना विचारल्यावर ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही अठरा म्हणालात, मी ओली माती अठराच केली. माती वाळताना एकदा आखडते आणि भट्टीत पुन्हा आखडते. पक्के अठरा हवे होते, तर तसे सांगायचे होते."

तीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे सुचायला हवे होते. दीड इंचाचा फरक किरकोळ वाटतो, परंतु पाऊस गोळा करते ते तोंडाचे क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. साडेसोळा इंचाचे कुंड अठरा इंचाच्या कुंडापेक्षा सुमारे सोळा टक्के कमी पाणी झेलते. वराहमिहिराने भांड्याची खोली न सांगता केवळ तोंडाची रुंदी का सांगितली, हे या चुकीमुळे मला प्रथम नीट समजले. त्याचे माप वजनाचे आहे, उंचीचे नाही. वजनाने पाऊस मोजायचा, तर तोंड पक्के असावेच लागते आणि बाकीचा आकार कसाही चालतो. दोन गावांतील पावसाची तुलना करण्याची सगळी सोय 'हातभर रुंद' या एका शब्दात आहे.

१४ मे

दुसरे कुंड सांगितले. या वेळी ओले माप साडेएकोणीस इंच ठेवण्याचे ठरले. मोठ्या तोंडाची माती बसू नये, म्हणून मामा दोन टप्प्यांत करणार आहेत. त्यामुळे सहाशे रुपये. मृग निघाला की भट्टी लावता येत नाही, म्हणून ५ जूनच्या आत हवे, हे दोनदा बजावून सांगितले.

१९ मे

जुन्या कुंडावर गळतीची परीक्षा घेतली. त्यात पाच लिटर पाणी ओतून, वरून ताट झाकून ते रात्रभर पडवीत ठेवले. सकाळी ४ लिटर ५५० मिलिलिटर उरले होते आणि कुंडाची बाहेरची बाजू माठासारखी पाझरत होती. माठाचा जो गुण आपल्याला उन्हाळ्यात हवाहवासा वाटतो, तो येथे दोष ठरतो. शेजारच्या मधपाळाकडून साडेतीनशे रुपयांचे मेण आणले, ते वितळवून आतून दोन हात दिले आणि पुन्हा पाच लिटर ओतले. सकाळी ४ लिटर ९८० उरले. मेण दिलेले कुंड उन्हात तापले, तर मेण ओघळून तळाशी जमते, हे तिसऱ्या दिवशी कळले. पातळ थर द्यावा आणि मे महिन्याच्या उन्हात कुंड बाहेर ठेवू नये.

२६ मे

आजचा दिवस पळाच्या वजनात गेला आणि हाती काहीच निश्चित लागले नाही.

पळ म्हणजे किती? मनुस्मृतीतील कोष्टकाप्रमाणे पाच गुंजांचा मासा, सोळा माशांचा सुवर्ण आणि चार सुवर्णांचे पळ, म्हणजे एका पळात ३२० गुंजा होतात. ओळखीच्या सोनाराकडून जुन्या गुंजा मागून आणल्या, त्यांतील चिरलेल्या आणि सुरकुतलेल्या बाजूला काढल्या व ३२० मोजून काट्यावर ठेवल्या. वजन ३६.८ ग्रॅम आले. (गुंजेचे बी अत्यंत विषारी असते. मोजणीला नातवंडांना बसवण्याचा मोह मी टाळला, तुम्हीही टाळावा.) दुसरीकडे आज आयुर्वेदाची औषधे करताना पळ ४८ ग्रॅमचे धरतात. वराहमिहिराने यांपैकी कोणते पळ वापरले, ते श्लोकावरून ठरत नाही.

गुंजेच्या पळाने आढक १ किलो ८४० ग्रॅमचा होतो आणि अठरा इंच तोंडाच्या कुंडात तो ११.२ मिलिमीटर पावसाइतका भरतो. वैद्यांच्या पळाने आढक २ किलो ४०० ग्रॅमचा, म्हणजे १४.६ मिलिमीटरचा होतो. द्रोण अनुक्रमे सुमारे ४५ आणि ५८ मिलिमीटरचा. तीस टक्क्यांच्या या फरकावर तोडगा नाही, म्हणून रोजची नोंद मिलिलिटरमध्ये ठेवायची आणि आढकाचा हिशेब शेवटी दोन्ही पळांनी करायचा, असे ठरवले.

५ जून

दुसरे कुंड आले. तोंड एका दिशेने अठरा इंचांना किंचित कमी आणि दुसऱ्या दिशेने तितकेच अधिक आहे, सरासरी अठरा. तोंडाचे क्षेत्रफळ १,६४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला १६४ मिलिलिटर पाणी. पातळ मेण दिले आणि गच्चीवर, कठड्यालगत विटांवर ठेवले. फायबरचे मापक परसात, कडा जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच येईल असे रोवले. त्याला २,८०० रुपये पडले.

११ जून

पहिला दखल घेण्याजोगा पाऊस. परसातील मापकात ३१ मिलिमीटर, कुंडात ३ लिटर ९००, म्हणजे जेमतेम २४ मिलिमीटर. एक चतुर्थांश पाऊस कोठे गेला, याचा विचार करत सकाळ घालवली. उत्तर साधे होते. कठड्यावरून वारा उसळून वर जातो आणि पावसाचे थेंब कुंडाच्या तोंडावरून पलीकडे नेतो. गच्ची निवडण्याचे एकमेव कारण हे की, तेथे शेळ्या येत नाहीत.

कुंड खाली आणले. मापकापासून दोन मीटरवर विटांचा ओटा रचून कडा तीसच सेंटिमीटर उंचीवर आणली. घराच्या भिंतीपासूनचे अंतर भिंतीच्या उंचीच्या दुपटीहून अधिक ठेवले, हा नेहमीचाच नियम आहे. पाणसळ लावून कडा समतल केली. ओट्याला साडेचारशे रुपये आणि अर्धा दिवस लागला.

१५ जून

मापक १८ मिलिमीटर, कुंड २ लिटर ७५० म्हणजे १६.८. आता जमले.

कुंडातील पाणी काढण्याची रीतही बदलली. ओले कुंड अकरा किलोंचे आहे. ते उचलून मापात ओतताना पहिल्या दोन वेळा पाणी माझ्या धोतरावर गेले. आता लोट्याने उपसायचे, तळाचे पाणी स्पंजाने टिपून पिळायचे आणि वेळ सकाळी साडेआठची पाळायची, असे ठरले.

२३ जून

प्रवर्षण अध्यायातील मोजणी ज्येष्ठ पौर्णिमा उलटल्यावर, पूर्वाषाढा नक्षत्रापासून सुरू होते. काल संध्याकाळी चंद्र पूर्वाषाढात आला आणि रात्री ९ मिलिमीटर पाऊस झाला. शेजारचे आबा बांधावरून म्हणाले, "गुरुजी, मृग सरून आर्द्रा लागली, तुम्ही पूर्वाषाढा कुठून काढलीत?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे शेतकरी मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा असे जे म्हणतो, ते सूर्याचे नक्षत्र असते आणि साधारण तेरा-चौदा दिवस चालते. वराहमिहिर येथे चंद्राचे रोजचे नक्षत्र पाहतो. हा घोळ मीही आरंभी केला होता आणि वहीची दोन पाने फाडावी लागली होती.

चंद्राच्या कोणत्या नक्षत्रात पाऊस झाल्यास हंगामात किती द्रोण पडेल, याची यादीच त्याने दिली आहे. पूर्वाषाढेला सोळा द्रोण आहेत. गुंजेच्या पळाने ७१८ मिलिमीटर, वैद्यांच्या पळाने ९३६. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. माझा या भाकितावर विश्वास नाही, परंतु हंगाम संपल्यावर आकडे लिहिण्यापेक्षा आधी लिहिणे बरे.

त्याच अध्यायातील दुसरी एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मोजण्याजोगा पहिला पाऊस कोणता, याची खूण त्याने सांगितली आहे : ज्या पावसाने मातीवर थेंबांचे ठसे उमटतात किंवा गवताच्या टोकांवर बिंदू दिसतात, तो. भांड्यात काही जमण्याआधीचा पाऊस ओळखण्याची ही युक्ती आहे आणि ती केवळ पोथ्या वाचून सुचणारी नाही. वराहमिहिर गर्ग, पराशर, काश्यप या पूर्वसूरींची नावे मोकळेपणाने घेतो, त्यामुळे ही खूण मूळ कोणाची, यावर मी भांडणार नाही.

३० जून

चिपळूणच्या मेहुण्यांना गंमत म्हणून अठरा इंचांचे घमेले अंगणात ठेवायला सांगितले होते. त्यांनी आज दूरध्वनीवरून राजीनामा दिला. घमेले रोज रात्री भरून वाहते आणि सकाळी त्यांच्या हाती 'भरले' एवढीच नोंद लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांच्या पावसाचे द्रोण दिले आहेत आणि अपरांताला, म्हणजे कोकणाला, आकडा न देता 'अमित' म्हटले आहे. मेहुण्यांना तो शब्द वाचून दाखवला. ते म्हणाले, त्या माणसानेही घमेलेच ठेवले असणार.

१२ जुलै

त्यांना हसलो, त्याचे फळ आज मिळाले. रात्रीच्या पावसाने आमचेही कुंड काठोकाठ भरून वाहिले. मापकात ९७ मिलिमीटर होते. कुंड सहा इंच खोल असल्याने दीडशे मिलिमीटर पावसापर्यंत काळजी नाही, असे मी गृहीत धरले होते. पण ते वाडग्याच्या आकाराचे आहे, सरळ भिंतींचे नाही. काठोकाठ भरून मोजले, तर १४ लिटर १०० मिलिलिटर पाणी मावते, म्हणजे केवळ ८६ मिलिमीटर पाऊस. आजचा दिवस हिशेबातून वगळावा लागला.

हे करू इच्छिणाऱ्यांनी कुंभाराला वाडगा न सांगता सरळ भिंतींचे, निदान एक वीत खोल भांडे सांगावे. मला तिसरे कुंड करून घेणे शक्य नाही, कारण भट्टी दिवाळीपर्यंत बंद आहे. म्हणून यापुढे संध्याकाळी साडेपाचलाही उपसायचे आणि मोठा पाऊस लागल्यास रात्री दर तीन तासांनी उठायचे.

१९ जुलै

आबांच्या शेळीने कुंडातील पाणी प्यायले. किती प्यायली, ते तिलाच ठाऊक. दिवस वगळला. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले, ते कडेपेक्षा बुटके ठेवले. वर जाळी टाकण्याचा विचार सोडून दिला, कारण जाळीवर आदळून थेंब फुटतात आणि तुषार बाहेर उडतात.

९ ऑगस्ट

लहान सरींचा हिशेब जुळत नाही. दुपारी दोन-तीन मिलिमीटरची सर येते, लगेच ऊन पडते आणि दुसऱ्या सकाळी कुंड जवळपास कोरडे असते. मापकात मात्र पाणी टिकते, कारण ते नरसाळ्यातून आत, झाकलेल्या बाटलीत उतरते. परीक्षा म्हणून दुपारी बारा वाजता एक लिटर पाणी कुंडात ओतले. चार वाजता ८८० मिलिलिटर उरले. उघड्या भांड्याने पाऊस मोजायचा, तर सर थांबताच मोजले पाहिजे. अर्थशास्त्रात पर्जन्यकुंड कोठारात ठेवावे, असे म्हटले आहे, आणि कोठारात दिवसभर माणसांचा राबता असतो, तेव्हा त्यांना हे जमत असावे. माझ्यासारख्या एकट्या माणसाला जमत नाही. शाळेतून आल्यावर पुतण्या मोजतो, तरी दुपारच्या काही सरी सुटतातच.

१८ ऑगस्ट

उघडीप आहे, म्हणून कौटिल्याचे आकडे घेऊन बसलो. त्याच्या कुंडाचे तोंड एक अरत्नी आहे आणि त्याच्याच कोष्टकात अरत्नी म्हणजे चोवीस अंगुळे, म्हणजे तोंड तेच. देशांचे आकडे असे : जांगल, म्हणजे कोरड्या, प्रदेशास सोळा द्रोण, दलदलीच्या प्रदेशास त्याच्या दीडपट, अवंतीस तेवीस आणि अश्मकास 'अर्धत्रयोदश'. अश्मक म्हणजे गोदावरीचा प्रदेश, म्हणजे आम्हीच.

शामशास्त्रींच्या इंग्रजी भाषांतरात हा आकडा साडेतेरा केलेला आहे. मला तो पटत नाही, आणि त्यासाठी संस्कृत व्याकरणापर्यंत जाण्याचीही गरज नाही. 'अर्धतृतीय' म्हणजे तिसरा अर्धा, त्याचे आपले अडीच झाले. 'अर्धचतुर्थ'चे औट, म्हणजे साडेतीन झाले. लहानपणी छडीच्या धाकाने औटकी पाठ केलेल्या कोणालाही 'अर्धत्रयोदश' म्हणजे साडेबारा, हे सांगावे लागू नये.

परंतु द्रोण कोणता? वराहमिहिराचा आढक पाण्याच्या वजनाचा आहे, तर कौटिल्याच्या धान्याच्या कोष्टकात द्रोण म्हणजे दोनशे पळे उडीद मावतील एवढे माप. उडीद पाण्यापेक्षा हलके भरतात. घरातील उडीद लिटरच्या मापात भरून तोलले, तर ८२० ग्रॅम झाले. गुंजेच्या पळाने तो द्रोण सुमारे नऊ लिटरचा, म्हणजे कुंडात ५४.७ मिलिमीटरचा होतो. साडेबारा द्रोण म्हणजे ६८४ मिलिमीटर. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी सातशेच्या आसपास आहे.

आकडा जुळल्यावर मी खुर्चीतून उठून सौभाग्यवतींना सांगायला स्वयंपाकघरात गेलो, आणि परत येईपर्यंत आनंद ओसरला होता. उडदाऐवजी पाणी धरले, तर ५६० येतात. वैद्यांचे पळ आणि उडीद धरले, तर ८९२ येतात. तीन उत्तरांपैकी आवडते उत्तर उचलून 'प्राचीनांना अचूक ठाऊक होते' असे म्हणणे, हा मोजणीचा अपमान आहे. ठामपणे म्हणता येते ते इतकेच की, देशादेशांतील पावसाच्या तुलनेत अश्मक अवंतीहून कोरडा आणि कोकण मापाबाहेरचा आहे, आणि तो क्रम आजही तसाच आहे.

२ सप्टेंबर

काल रात्री झोप नाही. संध्याकाळी आभाळ पाहूनच कंदील, लोटा आणि स्पंज ओट्याजवळ आणून ठेवले होते. साडेअकरा, अडीच आणि साडेपाच असे तीन वेळा कुंड उपसले; पुतण्याने छत्री धरली, परंतु छत्रीचे पाणी कुंडात पडू लागल्यावर तिला मिटवून आम्ही दोघेही भिजलो. सकाळच्या मोजणीसह कुंडातील पाणी २५ लिटर २०० भरले, म्हणजे १५४ मिलिमीटर. मापकात १६८. साडेआठ टक्क्यांची तूट, आणि ती इतक्या पावसातही वाढली नाही. शेतात सोयाबीन गुडघाभर पाण्यात आहे. या पिकाचे काय होणार, ते वेगळे लिहीन.

२० ऑक्टोबर

हंगाम संपला. शेवटची मोजणी १५ ऑक्टोबरची. मापकाप्रमाणे एकूण पाऊस ८४६ मिलिमीटर झाला. कुंड भरून वाहिलेले, शेळीने बिघडवलेले आणि गच्चीवरचे दिवस वगळून उरलेल्या दिवसांची तुलना केली, तर मापकात ७०२ आणि कुंडात ६४५ मिलिमीटर भरतात, म्हणजे कुंड आठ टक्के कमी दाखवते. ही तूट एकसारखी नाही. पाच मिलिमीटरच्या आतील सरींत ती तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते, आणि मोठ्या पावसात सात ते नऊ टक्क्यांवर स्थिर राहते. पेरणीचा निर्णय घेणाऱ्याला लहान सरींपेक्षा मोठ्या पावसाचे माप हवे असते, त्यामुळे कामापुरते हे भांडे विश्वासू आहे.

पहिल्या पानावरील भाकित ७१८ आणि ९३६ यांच्या मधोमध पाऊस पडला. आबांच्या मते वराहमिहिर बरोबर ठरला. माझ्या मते इतक्या रुंद फटीतून आमच्याकडचा कोणताही बरा पावसाळा निघून जाईल.

खर्च : दोन कुंडे १,०००, मेण ३५०, ओटा ४५०, काटा ७००, फायबरचे मापक २,८००, एकूण ५,३०० रुपये. मापक आधीच असेल, तर अडीच हजारांत काम होते. वेळ रोजचा पाव तास, १२७ दिवस, आणि रात्रीची जागरणे वेगळी.

कुंभारमामांकडे दिवाळीनंतरच्या पहिल्या भट्टीसाठी तिसरे कुंड सांगितले आहे : ओले तोंड साडेएकोणीस इंच, भिंती सरळ, खोली ओली दहा इंच, कड आतून धारदार. मामांनी या वेळी माप स्वतःच्या हाताने भिंतीवर कोळशाने लिहून घेतले.